रॅप्लर: दावाओच्या बातम्या, नारायण पेठेत वाचलेल्या

भाचीला डॉक्टरकीसाठी फिलिपिन्समधल्या दावाओला पाठवायचं ठरलं, तेव्हा घरातली सगळी चर्चा फी, जेवण आणि परत आल्यावर द्यायच्या परीक्षेभोवती फिरली. त्या देशात राज्य कुणाचं, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या एजंटाने दावाओ किती सुरक्षित आहे ते रंगवून सांगितलं. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी, फटाक्यांना बंदी, शहरात गाड्यांना वेगमर्यादा, ९११ फिरवला की मदत हजर. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण माझी उमेदीची वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली आहेत. एखादं शहर एवढं शिस्तीचं झालं असं कानावर आलं, की ते कुणी केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारल्याशिवाय आम्हाला कॉपी पुढे सोडता येत नाही. त्याची उत्तरं शोधत मी रॅप्लर या तिथल्या बातम्यांच्या साइटपर्यंत पोचले. आधी फुकट वाचत होते, आता पैसे भरून सभासद आहे. पुण्यातून कितीतरी मुलं तिकडे शिकायला जातात, त्यांच्या आईवडिलांना उपयोग होईल म्हणून हे परीक्षण.

माझ्या पिढीला तिथली राजधानी मनिला ठाऊक आहे ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ मध्ये पहिल्याच वर्षी विनोबांना मिळाला, पुढे उरळीकांचनच्या मणिभाई देसाईंना, बाबा आमट्यांना, १९९३ मध्ये आपल्या केईएमच्या बानू कोयाजींना. आपली माणसं तिथे जाऊन सन्मान घेऊन आली, पहिल्या पानावर फोटो छापले गेले. त्या शहरातले लोक स्वतः कसे जगतात, कुणाला मत देतात, कुठलं वर्तमानपत्र वाचतात, यावर आम्ही चार ओळीही कधी दिल्याचं मला आठवत नाही.

रॅप्लर १ जानेवारी २०१२ ला सुरू झालं. त्याआधी काही महिने ते एक फेसबुक पान होतं. मारिया रेसा आणि ग्लेंडा ग्लोरिया वगैरे अनुभवी पत्रकार स्त्रियांनी ते उभं केलं, आणि २०२१ मध्ये रेसांना रशियाच्या दिमित्री मुरातोव यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं. साइट मुख्यतः इंग्रजीत आहे, काही मजकूर फिलिपिनोत. रोजच्या बातम्या फुकट वाचता येतात, सभासदत्व ऐच्छिक आहे. बातमीखाली तुम्हाला ती वाचून काय वाटलं ते नोंदवायची सोय ही त्यांची सुरुवातीपासूनची ओळख: आनंद, दुःख, संताप, भीती, असे आठ भाव. मला त्यात फार रस नाही. बातमी वाचून राग आला हे मला कळतं, ते नोंदवून कुणाचं भलं होतं असं वाटत नाही.

मी पैसे भरते ते पाठपुराव्यासाठी.

डेस्कवर काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं, की मोठी बातमी छापणं सोपं असतं. ती तीन महिन्यांनी पुन्हा उघडणं अवघड असतं. वार्ताहर दुसऱ्या बीटवर गेलेला असतो, पान जाहिरातीने भरलेलं असतं, संपादक म्हणतात, वाचक कंटाळले. रॅप्लर जुनं प्रकरण सोडत नाही. २०२५ मधल्या पूर-नियंत्रण घोटाळ्याचं उदाहरण घ्या. २८ जुलैला राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी संसदेतल्या भाषणात पुराच्या कामांतले पैसे खाणाऱ्यांना लाज वाटू द्या असं सुनावलं. ऑगस्टमध्ये सरकारने तक्रारींसाठी साइट उघडली आणि तिच्यावर ९,८५५ कामांची यादी टाकली, एकूण किंमत ५४५ अब्ज पेसो. त्यातले जवळपास एक पंचमांश पैसे फक्त १५ ठेकेदारांकडे गेले होते. मग मार्कोस स्वतः बुलाकान प्रांतात बालिवागला गेले. तिथे नदीकाठची साडेपाच कोटी पेसोंची भिंत शंभर टक्के पूर्ण झाल्याची कागदोपत्री नोंद होती. जागेवर भिंत नव्हती. नुसता काठ होता.

हे वाचताना मला एकतानगरी आठवली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायट्यांत लोक गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. त्याच्या आधी २०१९ मध्ये आंबिल ओढा. दोन्ही वेळा चार-आठ दिवस पानंच्या पानं भरली. पुढे पूररेषेचं काय झालं, सीमाभिंतींचे ठेके कुणाला गेले, कुठल्या भिंती खरोखर उभ्या राहिल्या, हे एका जागी, क्रमाने, तारखांसह वाचायला मिळावं असं मला पुणेकर म्हणून आजही वाटतं. फिलिपिन्समध्ये एका कामाचा शोध घ्यायचा झाला, तर ठेकेदार कंपनी, तिचे मालक, त्यांच्या इतर कंपन्या, निवडणुकीतल्या देणग्या आणि त्या भागाचा खासदार हे सगळं एकमेकांना जोडून दाखवलेलं वाचायला मिळतं. एका लेखातून मागच्या लेखात, तिथून त्याच्या मागच्या लेखात जाता येतं. रात्री जेवण झाल्यावर मी असा एक धागा धरते आणि झोपेपर्यंत मागे मागे जाते.

पासिग शहराची कथा मला अशीच सापडली. मेट्रो मनिलातलं हे शहर २७ वर्षं एकाच घराण्याच्या हातात होतं. २०१९ मध्ये विको सोट्टो नावाच्या तिशीच्या आतल्या तरुणाने त्या घराण्याला हरवलं. २०२५ मध्ये त्याच्यासमोर सारा दिस्काया उभ्या होत्या, बांधकाम ठेकेदार घराण्यातल्या. त्या हरल्या. काही महिन्यांनी पूर-नियंत्रणाच्या त्या १५ ठेकेदारांत त्यांच्या कंपन्यांचं नाव आलं. तेव्हा सोट्टोंनी पत्रकारांनाही प्रश्न विचारला: या कुटुंबाच्या आलिशान गाड्यांचं आणि घराचं कौतुक करणाऱ्या मुलाखती तुम्ही केल्यात, तेव्हा पैसा कुठून येतो हे का नाही विचारलंत? मी ते वाचून बराच वेळ गप्प बसले. दिवाळी पुरवणीत कुणाच्या बंगल्यावर सचित्र लेख लावायचा, हे आम्हीही ठरवत होतो, आणि तो प्रश्न आमच्या खोलीतही कुणी तरी विचारायला हवा होता.

या संस्थेवर झालेल्या खटल्यांबद्दल जगभर लिहून आलंय, पण त्यातला एक तपशील मुद्रितशोधन करणाऱ्या माणसालाच पुरता बोचेल. मे २०१२ मध्ये रॅप्लरने एका उद्योगपतीबद्दल बातमी दिली. त्या वेळी सायबर बदनामीचा कायदा अस्तित्वात नव्हता, तो सप्टेंबरमध्ये झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच बातमीतल्या एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं गेलं. एक अक्षर बदललं. सरकारी पक्षाने मांडलं, की दुरुस्ती म्हणजे पुन्हा प्रकाशन, म्हणून नवा कायदा लागू. १५ जून २०२० ला मनिलाच्या न्यायालयाने मारिया रेसा आणि त्या बातमीचे लेखक रेनाल्डो सांतोस या दोघांना दोषी धरलं, शिक्षा सहा महिने एक दिवस ते सहा वर्षं. दोघं जामिनावर राहिले आणि अपिलात गेले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली, वर काही महिने वाढवलीही.

एका अक्षराची चूक दिसली की ती सुधारायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जातं. उद्या पुण्यातल्या एखाद्या मुद्रितशोधकाला कळलं, की वेलांटी सुधारली तर तुरुंगाचं दार उघडतं, तर तो वेलांटी तशीच ठेवेल. चुका सुधारणाऱ्यांना भीती घातली की वाचकाच्या हातात चुका उरतात. केसरीवाड्यावरून भाजी आणायला जाते तेव्हा हे हमखास डोक्यात येतं, कारण बदनामीच्या खटल्याने आपल्याकडेही हेच केलं आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. केसरी तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. बदनामी हा आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे, फिलिपिन्समध्येही.

तिथे सरकार साइटच्या मागे नोंदणी, कर आणि बदनामी या तीन वाटांनी का गेलं, हे कळायला टीव्हीचं उदाहरण उपयोगी पडतं. फिलिपिन्समध्ये टीव्ही किंवा रेडिओ चालवायचा तर संसदेने मंजूर केलेला परवाना लागतो, २५ वर्षांपर्यंतचा. देशातलं सगळ्यात मोठं जाळं असलेल्या एबीएस-सीबीएनचा परवाना मे २०२० मध्ये संपला, ५ मे रोजी त्यांचं प्रक्षेपण थांबलं, आणि १० जुलैला संसदीय समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. ऐन करोनात. ज्या बेटांवर दुसरी वाहिनी नीट दिसत नव्हती, तिथे वादळाची बातमी देणारा आवाजच गेला. साइटला असा परवाना लागत नाही. म्हणून २०१८ च्या जानेवारीत कंपन्यांची नियामक संस्था पुढे आली: प्रसारमाध्यमाची मालकी शंभर टक्के फिलिपिनो हवी अशी राज्यघटनेची अट आहे, आणि एका परदेशी गुंतवणूकदारामुळे रॅप्लरने ती मोडली, असा ठपका ठेवून नोंदणी रद्द करण्याचा आदेश निघाला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. करचुकवेगिरीच्या पाचही आरोपांतून २०२३ मध्ये सुटका झाली. इतकी वर्षं वकिलांच्या फीमध्ये घालवून ही मंडळी बातम्या देत राहिली. सभासदत्वाचे पैसे भरताना मी एवढाच विचार केला.

आता दावाओ.

भाचीच्या घरमालकीण बाई साठीच्या आहेत, तळमजल्यावर किराणाचं छोटं दुकान चालवतात. भाचीला ताप आला तर तांदळाची पेज करून वर आणून देतात. माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्तेंचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर आहे, बाळ येशूच्या मूर्तीशेजारी. ११ मार्च २०२५ ला दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक करून त्याच रात्री द हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं, तेव्हा बाई दुकान बंद करून रडत बसल्या होत्या. भाचीने फोनवर विचारलं, मावशी, मी त्यांना काय म्हणू? मी म्हटलं, त्यांच्याजवळ जाऊन बस, वाद घालू नकोस.

मला ठाऊक होतं, की दुतेर्तेंच्या २०१६ ते २०२२ या कारकिर्दीत अमली पदार्थांविरुद्धच्या ज्या मोहिमेवरून ही अटक झाली, तिच्यात पोलिसांच्या कारवाईत सरकारी आकड्यांनुसारच सहा हजारांहून अधिक माणसं मारली गेली, आणि मानवाधिकार संघटना तो आकडा तीस हजारांपर्यंत नेतात. मारले गेलेले बहुतेक गरीब वस्त्यांतले होते. रॅप्लरने त्यांच्या घरी जाऊन, आयांशी बोलून मालिका केल्या. रात्री दार वाजलं, दिवे गेले, मुलाला ओढत नेलं, सकाळी पोलीस म्हणाले त्याने आधी गोळी झाडली. सलग वाचवत नाही, पण वाचायलाच हवं असं ते काम आहे. आणि त्याच वेळी घरमालकीण बाईंचंही म्हणणं ऐकावं लागतं. ऐंशीच्या दशकात दावाओत भरदिवसा खून पडत होते, कम्युनिस्ट बंडखोर आणि त्यांच्याविरुद्धच्या टोळ्या यांच्यात शहर सापडलं होतं. १९८८ मध्ये महापौर झालेल्या दुतेर्तेंनी आपल्याला रस्त्यावर चालण्याची हिंमत दिली, असं त्यांना मनापासून वाटतं. मे २०२५ मध्ये द हेगच्या कोठडीत असलेल्या दुतेर्तेंना दावाओने सहा लाखांहून अधिक मतं देऊन पुन्हा महापौर निवडलं. धाकटा मुलगा उपमहापौर झाला, थोरला खासदार, आणि मुलगी सारा देशाची उपराष्ट्राध्यक्ष आहेच.

रॅप्लर वाचून मला मारल्या गेलेल्यांची आई समजते. घरमालकीण बाई त्या मानाने कमी समजतात. दावाओचा मतदार साइटवर बहुतेक वेळा आकड्यांत किंवा समाजमाध्यमांवरच्या प्रचाराच्या विश्लेषणात भेटतो. त्याच्या दुकानात बसून, त्याचा चहा पिऊन लिहिलेलं मला अधिक हवं आहे. म्हणून ज्यांची मुलं दावाओच्या मिंदानाओ बेटावर आहेत, त्यांना माझा आग्रह, की जोडीला मिंदान्यूज वाचा. ती दावाओतल्याच पत्रकारांची सहकारी तत्त्वावरची छोटी वृत्तसेवा आहे. तिथे डोंगरातल्या आदिवासींच्या जमिनी, शेती, मुस्लिमबहुल बंगसामोरो भागातली शांतता प्रक्रिया हे विषय स्थानिकांच्या नजरेतून येतात. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

बाई स्वतः यातलं काही वाचत नाहीत. त्यांच्याकडे सकाळी रेडिओ आणि दिवसभर फेसबुक असतं. त्याला कारण आहे. तिथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुक फुकट दिलं. डेटा संपला तरी फेसबुक चालतं, त्यातली बातमीची लिंक उघडायची तर मात्र पैसे पडतात. म्हणजे मथळा फुकट, बातमी विकत. आयुष्यभर मथळे लिहिले असल्यामुळे मी हे ठामपणे सांगते: मथळ्यात सगळं कधीच मावत नाही. तीन कॉलमच्या मथळ्यातून ‘कथित’ गाळावं लागतं, ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ गाळावं लागतं, आणि ते खाली इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, येतं या भरवशावर आम्ही ते गाळतो. इंट्रो कुणी उघडतच नसेल तर तो भरवसाच संपला. आपल्याकडे फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने असे फुकटचे निवडक इंटरनेट प्लॅन बंद केले. तेव्हा पुण्यात त्यावर किती हिरिरीने वाद झाले ते मला आठवतं. तो निर्णय किती मोलाचा होता, हे मला दावाओच्या बातम्या वाचताना पुरतं उमगलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रॅप्लरने दाखवून दिलं होतं, की अवघी २६ बनावट खाती सुमारे तीस लाख खात्यांपर्यंत पोचू शकतात. ज्या फेसबुकवर ही संस्था जन्मली त्याच फेसबुकचा तिने असा हिशेब मांडला, याचं मला अप्रूप आहे.

साइटवरचा तपासणी विभाग, म्हणजे व्हायरल दाव्यांची शहानिशा, मला विशेष आवडतो तो त्याच्या मांडणीमुळे. आधी दावा, मग तो खरा की खोटा, मग कशावरून. पाल्हाळ नाही. १० ऑक्टोबर २०२५ ला सकाळी दावाओ ओरिएंटल प्रांताच्या किनाऱ्याजवळ ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पडक्या इमारतींचे व्हिडिओ धडाधड येऊ लागले. भाचीचा फोन लागत नव्हता. मी रॅप्लर उघडून बसले. तिथल्या भूकंप संस्थेची, म्हणजे फिव्होल्क्सची पत्रकं, त्सुनामीचा इशारा कुठल्या किनाऱ्याला आहे, तो कधी मागे घेतला, एवढंच मला हवं होतं. ग्रुपवर मी तेवढंच मराठीत टाकत राहिले आणि बाकीच्यांना हात जोडून सांगितलं, की व्हिडिओ पाठवू नका. दुपारपर्यंत भाची बोलली. बाईंच्या दुकानातल्या बरण्या फुटल्या होत्या, बाकी सगळे सुखरूप होते.

त्यांच्या राजकारणाचं ज्ञान साइट नवख्याला आपोआप देत नाही, ते जमवत जावं लागतं. मला समजायला वेळ लागला त्या गोष्टी इथे सांगते. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत. उपराष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो, त्यामुळे दोघं एकमेकांचे वैरी असू शकतात, आणि सध्या आहेतच. सारा दुतेर्ते २०२२ मध्ये मार्कोस यांच्या जोडीने लढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सिनेटचे २४ सदस्य सगळ्या देशातून निवडले जातात, दर तीन वर्षांनी १२. मतदार कागदावरचे लंबगोल भरतो आणि नावं विसरू नयेत म्हणून खिशात चिठ्ठी नेतो. नाव आठवणं एवढं महत्त्वाचं असल्यावर निवडून कोण येणार? ज्यांचं नाव आधीच तोंडात आहे ते. २०२५ च्या निवडणुकीनंतर २४ जणांच्या सिनेटमध्ये भावंडांच्या चार जोड्या आहेत: कायेतानो, विल्यार, तुल्फो आणि एस्त्रादा-एहेर्सितो. चोवीसात आठ. १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई आहे, पण घराणं म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचं, आणि तो सर्वसाधारण कायदा काही होत नाही, कारण करणारे तेच आहेत. बारामतीत २०२४ ला नणंद-भावजयीची लढत पाहिलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

यातले तुल्फो बंधू मूळचे प्रसारमाध्यमांतले. राफी तुल्फोंच्या कार्यक्रमात माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन येतात: मालकाने पगार बुडवला, नवऱ्याने टाकलं, पोलीस तक्रार घेत नाहीत. तुल्फो कॅमेऱ्यासमोर फोन लावतात, समोरच्याला फैलावर घेतात. आपल्याकडे ही कामं नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात होतात, तिथे ती स्टुडिओत होतात. कोर्टात वर्षानुवर्षं जाण्यापेक्षा स्टुडिओबाहेर रांग लावणं माणसाला परवडतं. यातून दोन भाऊ सिनेटर झाले. पत्रकार न्याय देऊ लागला की त्याला मत मागण्याचा मोह होतोच, आणि लोकांनी ते मत का द्यावं हेही मला कळतं. मला ते मान्य नाही, पण कळतं.

सभासद म्हणून मी सर्वांत आवडीने वाचते ते बरांगायबद्दल. हा तिथला सगळ्यात खालचा स्थानिक कारभार, देशभरात ४२ हजारांच्या वर. वस्तीचा कॅप्टन, सदस्य, शिवाय तरुणांचं वेगळं निवडून दिलेलं मंडळ, ज्यात १८ ते २४ वयाची मुलं असतात. घराण्यांना मनाई करणारी तरतूद २०१६ च्या कायद्याने आली ती नेमकी या पोरांच्या मंडळासाठी, मोठ्यांसाठी नाही. भांडण कोर्टात जाण्याआधी बरांगायमध्ये मिटवायचा प्रयत्न करावा लागतो. भाचीच्या गल्लीत गटाराच्या झाकणावरून वाद झाला तेव्हा बाई तिला घेऊन कॅप्टनकडे गेल्या होत्या. कॅप्टन स्वतः येऊन झाकण बघून गेला.

मला हेवा वाटला. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत जवळपास चार वर्षं पुण्यात प्रशासक होता. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की क्षेत्रीय कार्यालयात जायचं, अर्ज द्यायचा, टोकन घ्यायचं. माणूस म्हणून ओळखणारं कुणी नव्हतं. मग वाचलं, की बरांगायच्या निवडणुकाही अशाच पुढे ढकलतात. मे २०२० ची डिसेंबर २०२२ वर, तिथून ऑक्टोबर २०२३ वर. त्या पुढे ढकलण्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तरीही डिसेंबर २०२५ ची निवडणूक नवा कायदा करून नोव्हेंबर २०२६ वर नेली. दोन्हीकडे मुंबई-मनिलाच्या वरच्या खुर्च्यांच्या निवडणुका वेळेवर होतात आणि गटाराच्या झाकणाची निवडणूक तेवढी थांबते. पुण्यातल्या चार वर्षांबद्दल आम्ही पत्रकारांनी जेवढा आवाज उठवायला हवा होता तेवढा उठवला नाही असं माझं मत आहे, आणि ते मी जुन्या सहकाऱ्यांना भेटेल तिथे सांगते.

सभासदत्व कुणी घ्यावं? ज्यांचं मूल तिकडे शिकतंय त्यांनी आधी फुकटचं वाचावं, तेवढं पुरेल. वादळ, भूकंप, व्हिसाचे नियम, शहरातल्या बातम्या सगळं त्यात येतं. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी मात्र वर्गणी काढून का होईना, एक सभासदत्व घ्यावं आणि पूर-नियंत्रणाच्या बातम्या पहिल्यापासून ओळीने वाचाव्यात. आकडा कुठे येतो, कागद कुठे येतो, आरोपीची बाजू कुठे येते, हे पेन्सिलने नोंदवत वाचावं. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी लेखांपेक्षा तपासणी विभागापासून सुरुवात करावी, वाक्यं छोटी असतात. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, त्यामुळे आपल्या सकाळच्या चहापर्यंत त्यांच्या सकाळच्या बातम्या लागलेल्या असतात. नोव्हेंबरपर्यंत मला दावाओतल्या बरांगाय उमेदवारांची, विशेषतः तरुणांच्या मंडळाला उभ्या राहणाऱ्या मुलींची, माहिती गोळा करायची आहे. भाचीला सांगून ठेवलंय, की भिंतीवर पोस्टर दिसलं की फोटो काढून पाठव, आणि कुणाचं आडनाव ओळखीचं वाटलं तर बाईंना विचार, कुणाची मुलगी ते.